साल वृक्ष आणि त्याचा खोडकिडा

जबलपूरच्या पूर्वेस व आग्नेयेस, मंडला, दिंडोरी आणि अमरकंटकच्या पट्ट्यात सालाची अरण्ये आहेत. राळ देणारा वृक्ष म्हटले की चीड, देवदार हे सूचिपर्णी आठवतात. साल मात्र रुंद पानांचा, डिप्टेरोकार्पेसी कुलातला. शास्त्रीय नाव शोरिया रोबस्टा. त्याचा सर्वांत घातक शत्रू म्हणजे होप्लोसेरॅम्बिक्स स्पिनिकॉर्निस हा लांब शृंगिकांचा भुंगेरा. जंगल खात्यात त्याला ‘साल बोरर’ म्हणतात.

दोघांचेही जीवन पावसाशी बांधलेले आहे. सालाचे पंखधारी बी जूनच्या सुमारास गळते आणि जेमतेम आठवडाभर रुजण्याजोगे राहते. पहिल्या जोरदार सरींनंतर भुंगेरेही खोडातून बाहेर पडतात. मादी खोडाच्या भेगांत अंडी घालते. अळ्या आधी अंतर्सालीवर पोसतात, मग रसकाष्ठातून गाभ्यापर्यंत बोगदे पाडतात आणि तिथेच कोशात जातात. बुंध्याशी साचलेला भुसा ही हल्ल्याची ठळक खूण. वृक्ष शतकभर जगतो; किड्याची पिढी एका वर्षात पुरी होते.

सशक्त साल राळ पाझरून कोवळ्या अळ्यांना बुडवून मारतो. त्यामुळे किडा एरवी पडलेल्या आणि दुबळ्या झाडांवरच निभावतो. त्याची संख्या भरमसाट वाढली की हे संरक्षण तोकडे पडते व धडधाकट झाडेही मरतात. मंडला-बालाघाट भागात, नागपूर राजधानी असलेल्या मध्य प्रांताच्या काळात, 1920 च्या दशकात मोठी साथ आली होती. 1990 च्या दशकातल्या साथीत लाखो झाडे गेली.

जुना आणि अजूनही उपयोगी इलाज म्हणजे सापळा-वृक्ष. पावसाळ्यात काही सालवृक्ष पाडून ओंडके करतात आणि त्यांची साल ठेचतात. रसाच्या वासाने दुरून आलेले भुंगेरे वेचून मारतात. वेचणाऱ्यांना किड्यांच्या संख्येप्रमाणे मजुरी मिळते. अलाउस सॉर्डिडस हा भुंगेरा खोडकिड्याच्या अळ्या खातो. जबलपूरची उष्णकटिबंधीय वन संशोधन संस्था (स्थापना 1988) खोडकिड्याचा अभ्यास करते.

किडलेले प्रत्येक झाड मरत नाही. हलक्या हल्ल्यातून अनेक झाडे सावरतात. म्हणून मरणपंथाला लागलेली झाडेच, तीही पावसाळ्यापूर्वी भुंगेरे आत असतानाच, तोडून जंगलाबाहेर न्यावीत. सरसकट तोड हा उपाय नव्हे.