फाळक्यांची घरची चित्रे

१९१३ साली मुंबईस ‘राजा हरिश्चंद्र’ प्रदर्शित झाला आणि तेव्हापासून धुंडिराज गोविंद फाळके यांची थोरवी ‘आद्य’ या एका विशेषणात सांगून मोकळे होण्याची आपणांस सवय जडली. फाळके काम कसे करीत, हे जाणावयाचे तर आमच्या मते त्यांच्या दोन घरगुती चित्रांकडे वळले पाहिजे.

पहिले १९१२ चे. विलायतेहून कॅमेरा आणल्यावर फाळक्यांनी कुंडीत वाटाणा पेरला आणि महिनाभराहून अधिक काळ, थोडी थोडी चित्रे घेत, ते त्या रोपाची वाढ टिपीत राहिले. पडद्यावर ती वाढ काही क्षणांत घडली. भांडवल मिळविण्याचा हेतू त्यामागे होता, हे खरे. पण विषयाची निवड पाहावी. देव नाही, राजा नाही, कुंडीतले रोप! बडोद्याच्या कलाभवनात छायाचित्रणाचे शिक्षण घेतलेल्या आणि पुढे मुद्रणाचा व्यवसाय केलेल्या माणसाची चिकाटी येथे दिसते. (हेच गृहस्थ ‘केल्फा’ असे आपले आडनाव उलटे करून जादूचे प्रयोग करीत.)

दुसरे चित्र १९१९ च्या ‘कालिया मर्दन’च्या आरंभीचे. कथेस प्रारंभ होण्यापूर्वी फाळक्यांची लहानगी कन्या मंदाकिनी पडद्यावर येते, मुखावर नाना भाव दाखविते आणि मग तिचाच कृष्ण होतो. नटणारी मुलगी कोण, हे पित्याने लपविले नाही. उलट तेच आधी दाखविले. ‘हरिश्चंद्रा’तील रोहिदासही त्यांचा पुत्रच होता, आणि पत्नी सरस्वतीबाई फिल्मला छिद्रे पाडण्यापासून कामगारांच्या भोजनापर्यंत सर्व पाहत. घर आणि कारखाना यांत भिंत नव्हती. म्हणूनच १९१७ साली चित्रपटनिर्मितीचीच माहिती देणारा चित्रपट काढून ते स्वतः कॅमेऱ्यासमोर उभे राहिले असावेत.

ध्वनी मात्र त्यांच्या हाती आला नाही. ‘सेतुबंधन’ मूकपट म्हणून सिद्ध झाले, आवाज त्यावर मागाहून चढविला गेला. कोल्हापुरात निघालेला ‘गंगावतरण’ (१९३७) हा त्यांचा एकमेव बोलपट. वाटाण्याचे रोप एकट्यास टिपता येई. बोलपटास ध्वनिलेखक, गायक, वादक आणि दुसऱ्याची पेढी लागे. आमच्या दृष्टीने वयापेक्षा हीच अडचण मोठी होती.

‘कालिया मर्दन’चा बराच भाग सुदैवाने उपलब्ध आहे. अध्यापकांनी तो वर्गात अवश्य दाखवावा, आणि कृष्ण अवतरण्यापूर्वी, मंदाकिनीच्या मुखावर, यंत्र क्षणभर थांबवावे.