भीमेच्या पाण्यातले नवे पाहुणे

मेक्सिकोतला ॲक्सोलॉटल हा सॅलमँडर कुळातला उभयचर प्राणी. बेडूकमाशासारखी पिल्लावस्थेची लक्षणे तो जन्मभर बाळगतो. मानेशी पिसांसारखे कल्ले असतात आणि आयुष्य सगळे पाण्यात जाते. तो पाळणारे एक नियम कटाक्षाने पाळतात. जुन्या टाकीत नवा प्राणी एकदम सोडायचा नाही. महिनाभर त्याला वेगळ्या भांड्यात ठेवायचे, कारण वरून निरोगी दिसणारा प्राणीही रोग घेऊन येऊ शकतो. शिवाय दोघांचे आकारमान जवळपास सारखे हवे. नाहीतर मोठा लहानाचे पाय तोडतो किंवा त्याला गिळूनच टाकतो. तिसरी अट कोणी बोलून दाखवत नाही, कारण ती गृहीतच असते. पाहुणा रुळला नाही, तर त्याला उचलून परत बाहेर काढता येते.

नदी हीसुद्धा एक जुनी, स्थिरावलेली टाकीच आहे. तिच्यात नवे प्राणी सोडताना यांपैकी किती अटी पाळल्या गेल्या, हे पाहायला शिरूर आणि दौंडचा परिसर फार सोयीचा आहे. कारण इथल्या नद्यांत मुळात कोण राहत होते, याची जवळजवळ दोनशे वर्षांपूर्वीची नोंद उपलब्ध आहे.

सायक्सची यादी

मुंबई सरकारने १८२४ साली लष्करी अधिकारी विल्यम हेन्री सायक्स याला दख्खनची सांख्यिकीय पाहणी करण्याच्या कामावर नेमले. पिके, हवामान, लोकसंख्या यांच्या जोडीला त्याने प्राण्यांचीही माहिती जमवली. दख्खनच्या माशांवरचा त्याचा निबंध १८३९ साली लंडनच्या झूलॉजिकल सोसायटीने प्रसिद्ध केला. त्यात ४६ जातींचे वर्णन आहे.

या निबंधाची गंमत अशी, की सायक्सने अनेक जातींना इथल्या लोकांच्या तोंडचीच नावे दिली. भीमेच्या काठी पेडगावला मिळालेल्या माशासाठी त्याने ‘रोहटी’ ही नवी प्रजातीच स्थापली. ते नाव आजही शास्त्रात रूढ आहे. पुण्याजवळच्या मुळा-मुठेतला मासा ‘खुद्री’ झाला. शिरूर त्या काळी लष्करी छावणीचे गाव होते. तिथल्या घोड नदीतल्या माशाला त्याने ‘मसुल्ला’ म्हटले. एखाद्या जातीचे पहिले वर्णन ज्या ठिकाणच्या नमुन्यावरून होते, त्या ठिकाणाला शास्त्रात कायमचे महत्त्व असते. शिरूरच्या विद्यार्थ्यांना आपली घोड नदी अशा मानाची आहे, हे ठाऊक असायला हवे. मसुल्ला आज जागतिक लाल यादीत संकटग्रस्त म्हणून नोंदलेला आहे.

एकामागून एक पाहुणे

विसाव्या शतकात भारताच्या पाण्यात परदेशी मासे येऊ लागले. डासांच्या अळ्या खाण्यासाठी १९०८ साली गप्पी आणि १९२८ साली गंबुसिया आला. अन्न म्हणून १९५२ साली तिलापिया, १९५७ साली सायप्रिनस या नावाने ओळखल्या जाणाऱ्या कार्पचा बँकॉकचा वाण आणि १९५९ साली चंदेरा व गवत्या आला. १९५७ मध्येच कटकला हिरालाल चौधुरी यांनी संप्रेरकाचे इंजेक्शन देऊन भारतीय कार्प माशांचे प्रजनन घडवून आणले. त्यामुळे मत्स्यबीज मुबलक झाले आणि गंगेच्या खोऱ्यातले कटला, रोहू, मृगळ दख्खनच्या धरणांत पोहोचले. तेही इथे पाहुणेच.

दौंडच्या खाली भीमेवर १९८० साली उजनी धरण पूर्ण झाले आणि वाहत्या नदीचे विस्तीर्ण तळे बनले. वाहत्या पाण्यात अंडी घालणाऱ्या स्थानिक माशांना हा बदल अडचणीचा, तर तिलापियाला सोयीचा ठरला. तिलापियाची मादी अंडी तोंडात सांभाळते. ती काही महिन्यांतच प्रौढ होते आणि वर्षातून अनेकदा विते. भिगवण परिसरात याच माशाला ‘चिलापी’ म्हणतात आणि कितीतरी कुटुंबांची चूल त्यावर चालते. म्हणून त्याला नुसता खलनायक ठरवणे योग्य नाही. स्थानिक मासे कमी होण्यामागे धरणे, वाळूउपसा आणि सांडपाणी यांचाही मोठा हात आहे. पण यातला एकही पाहुणा आता नदीतून परत काढता येणार नाही. आफ्रिकी मांगूरच्या संवर्धनावर केंद्र सरकारने २००० साली बंदी घातली, तरी मासा मागे राहिलाच. अलीकडे जाळ्यात सापडणारा सकर मासा तर शोभेच्या टाक्यांतून सुटलेला आहे.

आपलाच मासा परक्या घरी

पाहुणा परदेशीच असला पाहिजे असे नाही. पुण्याच्या परिसरातल्या खुद्रीचीच गोष्ट घ्या. हा महसीर कमी होत चालला, म्हणून टाटांच्या वीज कंपनीने लोणावळ्याच्या मत्स्यबीज केंद्रात १९७०च्या दशकात त्याची पैदास सुरू केली. डॉ. चं. वि. कुलकर्णी आणि ओगले यांचे त्यातले काम मोलाचे आहे. ही पिल्ले देशात अनेक ठिकाणी गेली. त्याच दशकात ती कावेरीतही सोडली गेली.

कावेरीत मात्र कुबड असलेला एक वेगळा, प्रचंड वाढणारा महसीर आधीपासून राहत होता. १९९८ ते २०१२ या काळातल्या गळ टाकणाऱ्यांच्या नोंदी तपासल्यावर २०१५ मध्ये संशोधकांना दिसले, की खुद्री वाढत गेला आणि कुबडवाला जवळजवळ नाहीसा झाला. हा कुबडवाला अनेक वर्षे कोणत्या नावाने ओळखला जात होता? मसुल्ला! शिरूरच्या माशाचे नाव चुकून त्याला चिकटले होते. २०१३ मध्ये घोडेचा मसुल्ला वेगळाच असल्याचे दाखवले गेले. कुबडवाल्याची ‘टॉर रेमादेवी’ ही खरी ओळख पटायला २०१८ साल उजाडले. तोवर तो अतिसंकटग्रस्त झाला होता. ज्याचे नाव नीट ठाऊक नाही, त्याच्या घरात आपण पाहुणा पाठवला होता आणि तोही उत्तम हेतूने.

ॲक्सोलॉटलचे घर

मेक्सिको शहराजवळचे सोचिमिल्कोचे कालवे हे ॲक्सोलॉटलचे मूळ घर. १९७०-८०च्या सुमारास तिथे अन्न म्हणून कार्प आणि तिलापिया सोडले गेले. ते त्याची अंडी व पिल्ले खातात. पाणीही बिघडत गेले. १९९८ साली एका चौरस किलोमीटरमध्ये सुमारे ६००० ॲक्सोलॉटल होते. २०१४ साली उरले अवघे ३५च्या आसपास. १८६४ साली पॅरिसमध्ये ऑग्युस्त द्युमेरिलला मिळालेल्या सहा प्राण्यांची संतती जगभरच्या प्रयोगशाळांत सुखरूप आहे, आणि मूळ घर मात्र रिकामे होत आहे. तिथले पाहुणे आणि भीमेतले पाहुणे एकाच गोतावळ्यातले आहेत.

वर्गाबाहेरचा धडा

शिक्षकांना यातून एक चांगला प्रकल्प घेता येईल. आठवडे बाजारात विद्यार्थ्यांनी मासळीची यादी करावी आणि मूळचे कोण, पाहुणे कोण, अशी विभागणी करावी. घोड-भीमेवर जाळी टाकणाऱ्या वयस्क भोई मंडळींना विचारून पूर्वीच्या माशांची नावे, ठिकाणे आणि विणीचा काळ लिहून घ्यावा. सायक्सने हेच केले होते, आणि ती नावे सांगणारी पिढी आज थकत चालली आहे. शाळेच्या टाकीतले मासे नकोसे झाले, तर ते दुसऱ्या पाळणाऱ्याला द्यावेत. नदीत किंवा विहिरीत ते कधीही सोडू नयेत. काचेच्या टाकीत आपला हात तळापर्यंत पोहोचतो, भीमेत तो पोहोचत नाही. पाहुण्याची चौकशी तो दारात असतानाच करायची असते.