पॅप स्मिअर कुठून आली, आणि रक्ताच्या डागाशी तिचा काय संबंध?

"पाळी जायची वेळ आली की असं होतंच," म्हणून मधेच दिसणारं रक्त अंगावर काढत असाल, तर हा इतिहास वाचाच.

डॉ. जॉर्ज पापानिकोलाऊ मूळचे ग्रीसचे. न्यूयॉर्कला ते गिनीपिगवर काम करत. या प्राण्याचं चक्र बाहेरून कळत नाही, म्हणून नाक तपासायच्या छोट्या स्पेक्युलमने त्यांनी योनीतला स्राव घेऊन काचपट्टीवर पाहिला. चक्राबरोबर पेशी बदलत होत्या! १९१७ साली हे प्रसिद्ध झालं. पुढे पत्नी अँड्रोमाकी यांनी स्वतःचे नमुने वर्षानुवर्षे दिले. (त्यांचं नाव मात्र कुणाला ठाऊक नसतं.) इतर स्त्रियांच्या नमुन्यांत मग गर्भाशयमुखाच्या कर्करोगाच्या पेशीही दिसल्या. १९२८ साली त्यांनी ते मांडलं, पण फारसं कुणी मनावर घेतलं नाही. डॉ. हर्बर्ट ट्राउट यांच्याबरोबरचा ग्रंथ १९४३ साली आला, तेव्हा कुठे पटू लागलं.

तोवर हा आजार बहुधा रक्त जाऊ लागल्यावरच, म्हणजे उशिरा कळे. म्हणून ही तपासणी काही त्रास नसतानाच करायची असते.

रक्त दिसू लागलं की गोष्ट वेगळी. संबंधानंतर रक्त आलं, दोन पाळ्यांच्या मध्ये वरचेवर डाग पडले, किंवा पाळी बंद होऊन वर्ष झाल्यावर एकदाच जरी डाग दिसला, तर जुना पॅप रिपोर्ट नॉर्मल असला तरी डॉक्टरांना दाखवा. कारण बऱ्याचदा साधं निघतं: हार्मोन्स, थायरॉइड, पॉलिप. पण गर्भाशयाच्या अस्तराचा कर्करोग पॅपमध्ये सुटू शकतो. त्यासाठी सोनोग्राफी आणि गरज पडल्यास अस्तराचा तुकडा तपासावा लागतो.