रात्री पाणी भरायला जाताय? मोबाईलची बॅटरी अशी टिकवा

राजुरी : रात्रीची लाईट, उसाला पाणी भरायचं, शिवारात बिबट्याची भीती आणि नेमका मोबाईल बंद. बऱ्याचदा खिशात गुपचूप लोकेशन घेणारी ॲप बॅटरी खातात. सेटिंगमध्ये लोकेशन उघडून ॲपची यादी बघा. ‘नेहमी’ असेल तिथं ‘फक्त ॲप वापरताना’ करा. अँड्रॉइड १० पासून ही सोय आहे. ई-पीक पाहणीला लोकेशन बांधावर फोटो काढताना लागतं, घरी झोपल्यावर नाही.

घरच्यांना व्हॉट्सॲपवर लाइव्ह लोकेशन जरूर पाठवा, पण १५ मिनिटं, १ तास, ८ तास यातलं कामापुरतंच निवडा. ८ तास लावून विसरणारेच जास्त! परतल्यावर बंद करा. बिबट्या दिसल्यास वन विभागाची हेल्पलाईन : १९२६.