‘डिस्फोरिया’ आणि ‘अवधी’ : दोन संज्ञांचा चिकित्सालयीन इतिहास

‘डिस्फोरिया’ हा शब्द ग्रीक ‘डिस्फोरोस’ या विशेषणाशी संबद्ध असून ‘सहन करण्यास कठीण’ हा त्याचा मूळ अर्थ होय. ‘जेंडर’शी त्याचा सांधा जोडण्याचे श्रेय बहुधा स्टॅनफर्डचे मनोविकारतज्ज्ञ नॉर्मन फिस्क यांना दिले जाते. ‘जेंडर’ ही मुळात व्याकरणाची संज्ञा; १९५५ साली जॉन मनी यांनी ती व्यक्तीच्या संबंधात योजिली. (व्याकरणातील लिंग शरीरचिन्हांवरून ठरत नाही, याचा ऊहापोह पतंजलीने ‘खट्वा’ व ‘वृक्ष’ या शब्दांच्या निमित्ताने केलाच आहे, पण तो निराळा विषय.) फिस्क यांची अडचण व्यवहारातील होती. रुग्ण आपला पूर्वेतिहास वैद्यकीय ग्रंथांतील वर्णनाबरहुकूम सांगू लागले होते, कारण एरवी उपचार मिळत नसत. १९७४ च्या सुमारास त्यांनी निदानाचा रोख, रुग्ण ‘कोण आहे’ याऐवजी त्यास ‘काय असह्य होते’ याकडे वळविला. अमेरिकन मनोविकार संघटनेच्या निदानग्रंथात ही संज्ञा २०१३ साली आली.

किशोरवयीनांच्या उपचारांत मात्र दुसऱ्याच एका शब्दाने अधिक कार्य केले. नेदरलँड्समधील देलेमारे-व्हान द वाल व कोहेन-केटेनिस यांनी २००६ साली जी पद्धत मांडली, तीत बाराव्या वर्षापासून यौवनागम रोखणारी औषधे, सोळाव्या वर्षापासून संप्रेरके आणि अठराव्या वर्षानंतर शस्त्रक्रिया असा क्रम होता. पहिल्या टप्प्याचे एक प्रमुख समर्थन असे की, त्याने विचारास ‘अवधी’ मिळतो. पुढे २०११ साली प्रसिद्ध झालेल्या डच अभ्यासातील ७० पैकी ७० जणांनी, आणि २०२१ च्या लंडनमधील अभ्यासातील ४४ पैकी ४३ जणांनी संप्रेरके घेण्यास प्रारंभ केला. अवधी खरा असता तर काही जण तरी परतले असते, असा एक आक्षेप; निवडच काटेकोर होती, असे त्यावरील उत्तर. दोन्ही अनुमाने त्याच आकड्यांवर उभी आहेत, आणि तुलनेस गट नसल्याने या आकड्यांतून निवाडा होत नाही. ‘अवधी’ हे वर्णन नव्हते, गृहीतक होते, असे मला वाटते.

लंडनच्या ज्या सेवेत हा दुसरा अभ्यास झाला, ती १९८९ साली स्थापन झाली होती. तिच्याकडे २०११-१२ मध्ये सुमारे २५० मुले पाठविली गेली. २०२१-२२ मध्ये ५,००० हून अधिक. डॉ. हिलरी कास यांच्या एप्रिल २०२४ च्या अहवालाने या औषधांच्या परिणामांचा पुरावा दुर्बळ ठरविला. सेवा त्याच्या आदल्या महिन्यातच बंद झाली होती. अहवालाच्या पद्धतीवर टीकाही झाली. त्याच कास यांच्या २०२२ च्या अंतरिम अहवालातील एका नोंदीकडे दोन्ही पक्षांचे पुरेसे लक्ष गेलेले दिसत नाही : पहिल्या भेटीसाठी मुलांना दोन वर्षांहून अधिक काळ थांबावे लागत होते, आणि त्या काळात त्यांचा यौवनागम अर्थातच थांबलेला नव्हता.