न भुंकणारा काळू आणि १९२४ चा पूर

आमचा काळू रस्त्यावरून उचलून आणलेला. अनोळखी माणूस आला की भुंकायचं सोडून स्वारी पलंगाखाली. शेजारचे काका म्हणाले, "कुणाला तरी काठी घेऊन अंगावर धावून जायला सांग, आपोआप भुंकेल." म्हटलं, आधी पावलॉव्ह वाचू. (इंजिनिअर ना, मॅन्युअल आधी!)

घंटा वाजली की लाळ, एवढाच पावलॉव्ह आपल्याला ठाऊक. पण २३ सप्टेंबर १९२४ ला लेनिनग्राडमध्ये नेव्हा नदीला पूर आला आणि पाणी त्याच्या कुत्र्यांच्या कोठड्यांत शिरलं. वादळात कुत्र्यांना पोहत पोहत मुख्य इमारतीत आणलं. वाचली बिचारी, पण नंतर लक्षात आलं, काहींचं शिकवलेलं सगळं पुसलं गेलंय. त्यातल्या एकावर स्पेरान्स्की नावाचा सहकारी काम करत होता. खोलीत एकटा असला की कुत्र्याला काहीच जमेना. स्पेरान्स्की नुसता जवळ बसला की जमायचं! दोनेक महिन्यांनी गडी सावरला. मग यांनी दाराखालून जरासं पाणी सोडून पाहिलं, तर पुन्हा तीच धाप, तीच धडपड, आणि शिकलेलं परत गायब.

थोडक्यात, काकांचा उपाय म्हणजे काळूसाठी पूरच. त्यामुळे मी आता बेल वाजली की पलंगाशेजारी जमिनीवर बसतो. घशातून कसलाही आवाज निघाला की लगेच बिस्किट. काल कुरिअरवाला आला तेव्हा पलंगाखालून बारीकसं 'भफ' ऐकू आलं. बाहेर मात्र तो अजून आलेला नाही.