धुळ्याचा चौक आणि इंटरनेटची गाळणी

मी जळगावचा. धुळ्याला मुंबई-आग्रा आणि सुरत-नागपूर महामार्ग एकमेकांना छेदतात; तिथली पाटी चुकली तर गाड्या भलतीकडेच जातील ना?

इंटरनेटवर असं झालंय. २४ फेब्रुवारी २००८ ला पाकिस्तान टेलिकॉमने यूट्यूबचा मार्ग आपल्याकडे असल्याचं जाहीर केलं, वरच्या कंपनीने न गाळता ते पुढे ढकललं, आणि यूट्यूब जगभर सुमारे दोन तास गायब!

गंमत म्हणजे गाळणी तेव्हाही होती. झेब्रा, क्वागा या ओपन सोर्स सॉफ्टवेअरमध्येही प्रिफिक्स-लिस्ट लिहिता यायची. नाही लिहिली, तर दार सताड उघडं. २०१७ च्या आरएफसी ८२१२ ने हे उलटवलं: धोरण नाही, तर मार्ग घेणं नाही, देणंही नाही. क्वागातून निघालेलं एफआरआर नेहमीच्या मांडणीत आता तसंच वागतं.

बदलला फक्त डिफॉल्ट. पण आळशांना वाचवतो तोच!